मुख उघडले, चिल्का सावरले. आपल्या खाडीकाठच्या गावांनी यातून काय घ्यावे?

'पाणी अडवा, पाणी जिरवा' हा मंत्र आपण सर्वांनी पाठ केलेला आहे. डोंगरउतारावर आणि नाल्यात तो खराच आहे. पण किनाऱ्यावरचे काही पाणी असे असते, की ते अडले की नासते. त्याला समुद्राकडे जायला आणि समुद्राला त्याच्याकडे यायला वाट लागते. ही वाट बंद झाली की आधी मासळी जाते, मग मच्छीमार देशोधडीला लागतो आणि शेवटी काठावरच्या शेतकऱ्याच्या भातात पाणी तुंबून राहते. ओडिशातील चिल्का सरोवराच्या बाबतीत नेमके हेच घडले. ते सावरले कसे, आणि सावरल्यावरही काम का संपलेले नाही, हे खाडीकाठच्या शेतकरी बंधू-भगिनींनी, सरपंचांनी व ग्रामसेवकांनी समजून घेण्यासारखे आहे.

चिल्का म्हणजे नेमके काय?

शाळेत आपण चिल्का सरोवर म्हणून नाव ऐकलेले असते. पण ते आपल्या धरणासारखे किंवा तलावासारखे गोड्या पाण्याचे सरोवर नव्हे. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूचा लांबलचक पट्टा तयार होतो आणि त्याच्या आत उथळ पाणी कोंडून राहते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला खाजण म्हणतात. (आपल्याकडे खाजण म्हटले की खारी जमीन डोळ्यांपुढे येते, म्हणून या लेखात सरोवर हाच शब्द वापरला आहे.) चिल्का हे भारतातील असे सर्वात मोठे पाणी. पुरी, खुर्दा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. उन्हाळ्यात त्याचे क्षेत्र साधारण ९०० चौरस किलोमीटर असते, तर पावसाळ्यात ते ११५० चौरस किलोमीटरच्या वर जाते. एवढा पसारा असूनही बहुतेक ठिकाणी पाणी पुरुष-दीड पुरुषच खोल आहे.

उत्तरेकडून महानदीचे फाटे, म्हणजे दया, भार्गवी वगैरे नद्या, गोडे पाणी आणि गाळ घेऊन येतात. पश्चिमेकडून डोंगरातले ओढे येतात. पूर्वेकडून, वाळूच्या पट्ट्यातील मुखातून, भरतीचे खारे पाणी आत शिरते. पावसाळ्यात सरोवर गोडसर होते, उन्हाळ्यात खारट होते. या कमी-जास्त होण्यावरच तिथली सगळी जीवसृष्टी उभी आहे.

आपल्या भागातील लोकांना हे सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपला जिताडा घ्या. हाच मासा तिकडे 'भेक्ती' नावाने विकला जातो. आपली बोय घ्या. तिच्याच कुळातला 'खैंगा' हा चिल्काचा नामांकित मासा. तशीच कोळंबी आणि चिंबोरी. या सगळ्यांचे जीवन दोन घरांत विभागलेले असते. अंडी घालायची समुद्राच्या पाण्यात आणि पिल्लांनी वाढायचे खाडीच्या मचूळ पाण्यात. पिल्ले भरतीबरोबर मुखातून आत येतात, उथळ पाण्यात चरतात, मोठी होतात आणि पुन्हा अंडी घालायला मुखातूनच बाहेर जातात. म्हणजे मुख हा या माशांचा घराचा उंबरठा झाला. उंबरठाच बुजला तर घर ओसाड होणार, यात नवल ते काय!

रोग कुठे होता?

ओडिशाच्या किनाऱ्यावर लाटा आणि प्रवाह दरवर्षी प्रचंड वाळू वाहून नेतात. ही वाळू मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. त्यामुळे चिल्काचे मुखही हळूहळू उत्तरेकडे सरकत गेले आणि अरुंद होत गेले. सरोवर आणि समुद्र यांना जोडणारा प्रवाह लांब, वाकडा आणि गाळाने भरलेला झाला. भरतीचा जोर वाटेतच संपायचा. आतले पुराचे पाणी बाहेर निघेना आणि बाहेरचे खारे पाणी आत पोचेना.

दुसरीकडे नद्या गाळ आणतच होत्या. पाणलोटातील डोंगर उघडे पडले, तशी मातीही वाहून येऊ लागली. पूर्वी हा गाळ ओहोटीच्या जोराने समुद्रात निघून जायचा, तो आता तळाशी बसू लागला. पाणी गोडे झाले, तसे उत्तरेकडच्या भागात गोड्या पाण्यातील तण, नळ गवत आणि जलपर्णी माजली. तण कुजून पुन्हा गाळ, गाळावर पुन्हा तण, असे चक्र सुरू झाले.

आकड्यांत सांगायचे तर १९८०च्या दशकाच्या मध्यात चिल्कातून वर्षाला आठ हजार टनांच्या पुढे मासळी निघत होती. १९९५-९६ मध्ये ती सुमारे १,२७० टनांवर आली. दहा वर्षांत मासळी सहा-सात पटींनी घटली. ज्या सरोवरावर दीडशेच्या आसपास गावांतील दोन लाखांच्या घरात लोकांचे पोट अवलंबून आहे, तिथे याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको.

१९८१ साली चिल्काची रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नोंद झाली होती. भारतातील पहिल्या नोंदींपैकी ती एक. पण १९९३ मध्ये त्याच करारातील धोक्यात आलेल्या जागांच्या यादीत, म्हणजे माँत्रो नोंदवहीत, चिल्काचे नाव गेले.

कोळंबीचे सोने आणि घेरीचे भांडण

निसर्गाच्या बरोबरीने माणसाचा हातही यात होता. १९८०च्या दशकात परदेशी बाजारात कोळंबीला मोठा भाव आला. सरोवराच्या उथळ भागात मातीचे बांध घालून किंवा बांबू आणि जाळी लावून पाणी घेरायचे आणि त्यात कोळंबी वाढवायची, अशी पद्धत फोफावली. या घेरलेल्या पाण्याला तिकडे 'घेरी' म्हणतात. घेरी घालणाऱ्यांत पिढीजात मच्छीमार थोडे आणि पैसा व वजन असलेले बाहेरचे लोक जास्त होते.

घेरीमुळे तीन नुकसानी झाल्या. पाण्याचा प्रवाह अडला. माशांच्या येण्या-जाण्याच्या वाटा बंद झाल्या. आणि जे पाणी पिढ्यान्पिढ्या मच्छीमार सोसायट्यांच्या वहिवाटीचे होते, ते एका मालकाच्या ताब्यात गेले. १९९१ मध्ये ओडिशा सरकारने ठेक्याचे धोरण बदलून कोळंबी संवर्धनाला वेगळी जागा दिली, तेव्हा हा तंटा अधिकच पेटला. त्याच सुमारास एका मोठ्या उद्योगसमूहाचा आणि सरकारचा संयुक्त कोळंबी प्रकल्प येऊ घातला होता. 'चिलिका बचाओ' आंदोलनात मच्छीमार, विद्यार्थी आणि गावकरी एकत्र आले आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला.

११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील औद्योगिक कोळंबी शेतीवर बंदी घालणारा निकाल दिला. त्यात चिल्का आणि पुलिकत या दोन सरोवरांपासून १,००० मीटरच्या आत असे प्रकल्प नकोत, असे स्पष्ट सांगितले. निकाल लागला, पण घेऱ्या जागच्या हलल्या नाहीत. मे १९९९ मध्ये मच्छीमारांनी स्वतःच घेऱ्या तोडायला सुरुवात केली. त्यानंतर सोराणा गावी पोलिसांचा गोळीबार झाला आणि चार जीव गेले. पाण्याच्या हक्काचा प्रश्न वेळेवर सोडवला नाही तर तो कुठपर्यंत जातो, याची ही नोंद आहे. पर्यावरणाची गोष्ट सांगताना ती गाळून चालणार नाही.

उपाय कसा झाला?

१९९१-९२ मध्ये चिलिका विकास प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने लगेच यंत्रे लावून गाळ उपसायला घेतला नाही. आधी अभ्यास करून घेतला. या अभ्यासात आपल्या पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळेचा आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. भरती-ओहोटी, वाळूची हालचाल, नद्यांचे पाणी, खारेपणा या सगळ्यांचा हिशेब मांडून नवे मुख कुठे उघडावे याची जागा ठरली. कोकणी आणि देशी माणसाने अभिमानाने सांगावी अशी ही बाब आहे.

२३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याजवळ वाळूच्या पट्ट्यातून नवे मुख खुले करण्यात आले. त्यामुळे सरोवरापासून समुद्रापर्यंतची प्रवाहाची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली. त्याच्या जोडीला आतल्या मुख्य प्रवाहातील आणि दक्षिणेकडच्या पालूर कालव्यातील गाळही काढण्यात आला.

फरक दिसायला फार काळ लागला नाही. भरती पुन्हा आतपर्यंत जाऊ लागली. खारेपणा वाढला, तसे गोड्या पाण्यातील तण मागे हटले आणि समुद्री गवताची कुरणे वाढली. पुराचे पाणी लवकर ओसरू लागले. उत्तर काठच्या भातशेतीच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट झाली. आणि मासळी? १९९९-२००० मध्ये ती १,७५० टनांच्या आसपास होती, ती २००१-०२ मध्ये जवळपास १२,००० टनांवर गेली. नोव्हेंबर २००२ मध्ये चिल्काचे नाव माँत्रो नोंदवहीतून काढण्यात आले. आशियात असे प्रथमच घडले. त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसरचा पाणथळ संवर्धन पुरस्कारही मिळाला.

केवळ मुख उघडून भागले नाही

पुष्कळ जण ही गोष्ट एवढ्यावरच थांबवतात. एक मोठे यंत्र आणले, वाळू काढली आणि सरोवर वाचले, असा समज होतो. तो खरा नाही. मुखाबरोबर आणखी चार कामे चालू राहिली, म्हणून फायदा टिकला.

पहिले काम पाणलोटाचे. पश्चिमेकडच्या डोंगरभागात गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोट विकासाची कामे झाली. माती डोंगरावरच अडवली तर सरोवराच्या तळाशी जाणार नाही, हे साधे गणित. इथे आपला 'पाणी अडवा, पाणी जिरवा' मंत्र चपखल बसतो. वर अडवायचे आणि खाली मोकळे ठेवायचे, असा हा हिशेब आहे.

दुसरे काम नदीच्या पाण्याचे. महानदीवर नराज येथे बंधारा आहे. त्यातून चिल्काकडे किती पाणी सोडावे, हा प्रश्न सिंचन आणि सरोवर या दोघांच्या मधला आहे. पाणी फार कमी सोडले तर सरोवर फार खारे होते आणि मुखातील वाळू रेटली जात नाही. एकदम फार सोडले तर पूर आणि गाळ येतो. तिकडच्या पाटबंधारे खात्याला सरोवर हाही पाण्याचा एक हक्कदार आहे, असे धरून हिशेब करावा लागला.

तिसरे काम माणसांचे. उत्तर काठावर मंगलाजोडी नावाचे गाव आहे. हिवाळ्यात चिल्काला लाखो स्थलांतरित पक्षी येतात. मंगलाजोडीत एके काळी त्यांची सर्रास शिकार होत असे. पुढे शिकाऱ्यांनीच बंदुका आणि फासे टाकले आणि रक्षक झाले. आज तिथले लोक पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवून कमाई करतात. पक्षी मेलेला विकला की एकदाच पैसे, जिवंत दाखवला की दर हंगामाला पैसे! सातपाड्याच्या बाजूला इरावती डॉल्फिन पाहायला लोक येतात. त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे. तिथेही नावाड्यांना रोजगार मिळाला. मात्र नावांची गर्दी आणि इंजिनांचा पंखा डॉल्फिनच्या जिवावर उठू नये म्हणून नियम करावे लागले. कमाई झाली की तिलाही वेसण लागते.

चौथे काम मोजणीचे. पाण्याचा खारेपणा, गढूळपणा, मासळी, पक्षी, डॉल्फिन यांची नियमित मोजदाद होते. २०१२ मध्ये तर शाळेच्या मुलांसारखे चिल्काचे प्रगतिपुस्तकच काढण्यात आले आणि सरोवराला 'ब' श्रेणी मिळाली. 'अ' नाही, 'ब'. मोजल्याशिवाय सुधारले की बिघडले ते कळत नाही. माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही जे सांगत असतो, ते याच कारणासाठी.

अजून काय बाकी आहे?

चिल्का कायमचे बरे झाले असे कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नव्हे. वाळू सरकणे थांबलेले नाही, त्यामुळे मुखेही जागा बदलतात. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकले, तेव्हा वाळूचा पट्टा फुटून नवी मुखे तयार झाली आणि सरोवराचा खारेपणा वाढला. फार गोडे झाले तर तण, फार खारे झाले तर गोड्या-मचूळ पाण्यातील मासळीवर संकट. दोन्हीकडून सांभाळावे लागते.

घेरीचा प्रश्नही पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. प्रशासन घेऱ्या उपटते आणि काही दिवसांनी बांबू आणि जाळी परत उभी राहते. याचे कारण उघड आहे. मासळी वाढली की पाण्याची किंमत वाढते आणि किंमत वाढली की ताबा घेणारेही वाढतात. सरोवर सुधारणे हे इंजिनिअरचे काम असेल, पण सुधारलेल्या सरोवराचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे गावाने, सोसायटीने आणि सरकारनेच ठरवायचे असते. ते ठरले नाही तर भरलेल्या सरोवरातही गरीब मच्छीमार रिकाम्या जाळ्यानेच परततो.

आपल्या खाडीकाठी काय करता येईल?

आपल्याकडे चिल्काएवढे सरोवर नाही. पण खाड्या आहेत, खारभूमीचे बांध आहेत, कांदळवन आहे. जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी तीच आहे. तेव्हा पुढील गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

१) उघाडीची काळजी. खारबांधाची उघाडी हे आपले छोटे मुखच आहे. झडपा कुजल्या, समोर गाळ साचला की पावसाचे पाणी शेतात तुंबते आणि भरतीला खारे पाणी आत घुसते. पावसाळ्याआधी बांधाची आणि उघाडीची पाहणी करावी, घळी दिसल्यास फोटोसह लेखी कळवावे. गोव्याच्या खाजण शेतीत उघाडीला 'मानस' म्हणतात. मासे धरण्यासाठी मानशीची दारे नको तेव्हा उघडी ठेवल्याने भातशेती खारी झाल्याचे वाद तिथे झाले आहेत. उघाडी केव्हा उघडायची, केव्हा लावायची, हे शेतकरी आणि मासे धरणारे यांनी एकत्र बसून ठरवावे आणि ग्रामसभेत नोंदवून ठेवावे.

२) कांदळवनाला हात नको. तिवर आणि चिप्पीची मुळे म्हणजे माशांच्या पिल्लांची बालवाडी आणि खारबांधाचे चिलखत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. तरी राडारोडा टाकून भराव घालण्याचे प्रकार होतात. असा भराव दिसला तर तलाठी व वन विभागाला त्याच दिवशी कळवावे. कांदळवन राखून खेकडापालन, कालवपालन करण्यासाठी गटांना शासनाची योजना आहे. गावाच्या समितीमार्फत चौकशी करावी.

३) मत्स्यबीज वाचवा. बारीक आसाच्या जाळ्याने पिल्लांसकट सगळे ओढून काढले तर पुढच्या हंगामात काय धरणार? अंडीधारी चिंबोरी पाण्यात परत सोडण्याचा नियम गावाने स्वतःच करावा. खाडीचे तोंड आडव्या जाळ्याने पूर्ण बंद करू नये.

४) वरचे शेतकरी, खालची खाडी. डोंगरउतारावर समतल चर आणि नाला बांध हवेत. भाताला युरिया एकदम न फेकता हप्त्याने द्यावा. शक्य तिथे युरिया-डीएपी ब्रिकेट चिखलात खोचाव्यात, म्हणजे खत वाहून खाडीत जात नाही आणि पैसाही वाचतो. खारवट जमिनीत पनवेल खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या भातजाती घ्याव्यात.

५) मुखातील वाळू स्वतःहून उकरू नका. काही लहान नद्यांच्या तोंडाशी वाळूचा पट्टा वाढतो आणि गावकऱ्यांना वाटते, जेसीबी आणून फोडून टाकू. चिल्काने नेमके हेच शिकवले आहे, की आधी अभ्यास करायचा आणि नंतर खुदाई. चुकीच्या जागी तोंड फोडले तर विहिरी खाऱ्या होतील किंवा किनारा खचेल. शिवाय किनारा नियमन क्षेत्रात परवानगीशिवाय असे काम बेकायदा आहे. ग्रामपंचायतीने ठराव करून संबंधित खात्याकडे पाहणीची मागणी करावी.

६) नोंदवही ठेवा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात असते. ती बाहेर काढा. कोणता मासा कोणत्या महिन्यात मिळतो, कोणता मिळेनासा झाला, उघाडीशी गाळ किती चढला, कोणत्या विहिरीचे पाणी कधी मचूळ झाले, हे जुन्या मच्छीमारांना आणि खारभूमीतल्या शेतकऱ्यांना विचारून लिहा. उद्या शासनाकडे मागणी करताना 'आमची खाडी बिघडली' एवढे सांगून भागत नाही. केव्हापासून आणि किती, हे दाखवावे लागते.

या सहांपैकी पहिल्या आणि सहाव्या कामाला ना अनुदान लागते ना वरची मंजुरी. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर 'उघाडीची पाहणी व वेळापत्रक' हा एक विषय घ्यावा. त्या बैठकीला शेतकऱ्यांबरोबर खाडीत जाळे टाकणाऱ्या घरांनाही आवर्जून बोलावावे. चिल्काच्या काठी हे दोघे वेळेवर एकत्र बसले नाहीत, त्याची किंमत फार मोठी पडली. आपल्याकडे अजून वेळ गेलेली नाही.